उचलून आणायची गॅरंटी

दादाच्या बुटांचे टाके मी डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी उसवले आणि त्या रात्री मला लहान बाळासारखी झोप लागली.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. आमच्या बुटांच्या दुकानाचा मालक. दुकान मोठ्या काकांच्या नावावर होतं आणि माझ्या बाबांच्या हातांवर चालत होतं. मोठे काका गेले तेव्हा नाव दादाकडे आलं, हात बाबांकडेच राहिले. हे दादाला कुठेतरी टोचत असावं. कारण एक दिवस त्याने सोल चिकटवायचं आणि वरून शोभेची शिलाई मारायचं मशीन आणलं, आणि बाबांकडेच बूट करायचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकांना हळूच सांगायला लागला, "काकांचे हात थरथरतात हो आता. बिचारे."

बाबांचे हात थरथरत नव्हते. ते सुईत दोरा ओवत, तेव्हा सुईच बिचकून भोक पुढे करत असे. पण "बिचारे" हा शब्द गोंदापेक्षा वाईट, लागला की निघत नाही. रस्त्यात भेटेल तो "हात कसे आहेत?" विचारायला लागला. इतकं विचारल्यावर कुणीही आपल्या हातांकडे बघेल. बाबा बघायला लागले. चहाचा कप दोन हातांनी धरायला लागले. मग एके सकाळी ते म्हणाले, "असतील बाबा थरथरत. आपलं आपल्याला कुठे कळतं," आणि दुकानात गेलेच नाहीत. खिडकीपाशी त्यांची बुटकी खुर्ची होती, तिथे दादाने मशीनची खोकी रचली.

मी दुकानातच काम करतो. मला सगळे खिळ्या म्हणतात, कारण मी बारीक आहे आणि डोकं ठोकून घ्यायला मिळालंय. बाबा घरी बसले त्या दिवसापासून मला फक्त एक वाक्य हवं होतं. दादाच्या तोंडून, त्याच गिऱ्हाइकांसमोर: काकांचे हात थरथरत नाहीत, मी खोटं बोललो. ते मागून मिळणार नव्हतं. मागितलं होतं. तेव्हा दादा म्हणाला होता, "खिळ्या, जा, खोकी उचल."

म्हणून टाके.

वर्षातून एकदा आमचं दुकान नेहमीच्या गिऱ्हाइकांना डोंगरावर फिरायला नेतं. सकाळी जंगलातून चढायचं, वरच्या तळ्याकाठी खायचं, संध्याकाळपर्यंत खाली. यंदा दादाला नव्या मशीनच्या बुटांची जाहिरात करायची होती. त्याने स्वतः एक जोड घातला, एक मला घालायला लावला, आणि खोक्यावर छापून घेतलं: वाटेत दगा दिला तर पाठीवर उचलून आणू. मालकाची गॅरंटी.

"दादा, खरंच उचलणार?" मी विचारलं होतं.

"अरे, वेळच येणार नाही. म्हणून तर छापायचं."

उद्या चमकायला हवेत, असं सांगून मी त्याचे बूट पॉलिशला घरी आणले. चामडं कापायच्या रापीने शिलाई कापली, दोरे ओढून काढले, गोंद जरा जरा सोडवला आणि भोकं तपकिरी मेणाने बुजवली. वरून पाहिलं तर टाका, आतून पाहिलं तर अफवा. वाटेत ओढा होता. पाणी लागलं की सोल जिभेसारखा बाहेर येणार, दादा सगळ्यांसमोर मोज्यांवर उभा राहणार, आणि मी प्रेमाने विचारणार, "हे टाके कुणी घातले रे दादा? काकांनी?"

बूट मी दाराशी ठेवले. सकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत भरलेले होते. बाबा लवकर उठतात, त्यांना करायला काही नसतं, तेव्हा ते अशा गोष्टी गुंडाळतात. मी उघडून पाहिलं नाही.

"नीट चाल," बाबा म्हणाले. "आणि चिकटवलेल्यावर भरवसा ठेवू नकोस."

मी मान हलवली. वडील माणसं असं काहीतरी बोलतच असतात.

*

बस पायथ्याशी थांबली. दादाने एका दगडावर चढून खोक्यावरची गॅरंटी पाठ म्हणून दाखवली. पंधरावीस गिऱ्हाइकं, शेजारी वहिनी, आणि सगळ्यांच्या पुढे दातांच्या डॉक्टरीणबाई. या बाईंनी गेली कित्येक वर्षं बाबांशिवाय कुणाला पाय दाखवला नव्हता. म्हणूनच दादाला आज त्यांनाच पटवायचं होतं.

"मी स्वतः उचलीन, डॉक्टर. माझा शब्द."

"मी ऐंशी किलो आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे... बूट दगा देणारच नाहीत ना."

चढ सुरू झाला. लोक सांगतात, ते जंगल फार सुंदर आहे. सरळसोट झाडं, बुंध्यांवर हिरवं शेवाळ, वरून गाळून आल्यासारखा उजेड. असेल. मी अख्ख्या डोंगरात फक्त एक टाच पाहिली. दादा पुढे, मी त्याच्या मागे, नजर त्याच्या सोलवर. इतक्या निष्ठेने मी कधी देवाकडेही पाहिलेलं नाही. मध्येच सगळे "अहाहा" म्हणाले, तेव्हा मी एकदा मान वर केली. झाडांच्या फटीतून पायथ्याकडचं खालचं तळं दिसत होतं, निळं, बशीएवढं. मी म्हटलं, "छान," आणि परत टाचेवर आलो.

ओढ्याशी दगडांवरून उड्या मारत जायची नेहमीची वाट होती.

"दादा, ते दगड निसरडे आहेत. पाण्यातून जा, सोपं आहे," मी म्हणालो. "शिवाय बूट किती दमदार आहेत ते सगळ्यांना दिसेल."

दादाला दिसण्याचं फार असतं. तो पाण्यातून गेला. मध्ये थांबून, पाय आपटून, डॉक्टरीणबाईंकडे बघून हसला. मी स्वतः दगडांवरून गेलो. काठावर मी श्वास धरून उभा राहिलो. दादा पचपच आवाज करत बाहेर आला, सोल जागच्या जागी.

"काय बघतोस रे खिळ्या?"

"काही नाही. कौतुक."

पुढे खडकाळ चढ. तिथे निघेल. नाही. मग मुळांच्या पायऱ्या. नाही. दुसऱ्या वळणावर डोंगर उघडा झाला आणि ते खालचं तळं अख्खं पसरलं, पलीकडे सरळ उभा काळा कडा. वहिनी म्हणाल्या इथे आवाज परत येतो. डॉक्टरीणबाईंनी तोंडाशी हात धरले आणि त्यांच्या तोंडी जे नेहमीचं होतं तेच ओरडल्या:

"आ करा!"

"आ करा," कडा म्हणाला. "करा... करा..."

सगळे हसले. मी हसलो नाही. मी दादाच्या बुटाला मनातल्या मनात तेच सांगत होतो.

*

वरच्या तळ्याकाठी पोहोचलो तेव्हा माझा देवावरचा, ओढ्यावरचा आणि मेणावरचा विश्वास उडाला होता. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे दगड मोजावेत. सगळ्यांनी पाव आणि उकडलेली अंडी काढली. दादाने एका ओंडक्यावर बसून बूट काढला आणि तो मुलगी दाखवतात तसा डॉक्टरीणबाईंना दाखवला.

"बघा. पाण्यातून गेलो, दगडांतून गेलो. एक टाका हललाय का?"

त्याने सोलच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुढून, बाजूने, मागे टाचेकडे. आणि टाचेशी अंगठा थांबला.

मी शेजारीच होतो. मलाही दिसलं. टाचेशी शेवटचे दोन टाके उलटे घेतलेले होते आणि गाठ आत दडवलेली. असं जगात एकच माणूस करतो. "माणूस घरी परततो, दोऱ्यानेही परतावं," असं म्हणत त्याने ते आम्हा दोघांना शिकवलं होतं. दादाला एक टपली देऊन आणि मला तीन.

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. दाराशी ठेवलेले बूट. लवकर उठणारे बाबा. मेणाने बुजवलेली भोकं, जी फक्त एकाच माणसाला झोपेतही दिसली असती. मी उसवलेला अख्खा बूट त्यांनी त्याच भोकांतून, मेण लावलेल्या दोऱ्याने परत शिवला होता. थरथरत्या हातांनी.

म्हणजे आज आम्हा दोघांत मशीनच्या भरवशावर न चालणारा माणूस दादा होता, आणि ती सोय मी केली होती. मी काही न करता घरी झोपलो असतो, तर त्याचा सोल ओढ्यातच वाहून गेला असता.

दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही सगळं कळलं होतं. दोघांचे कान एकाच हाताने पिरगाळलेले असले की बोलावं लागत नाही.

"किती सरळ आलंय हो," डॉक्टरीणबाई चष्मा वर करून म्हणाल्या. "हे मशीनचं?"

तो क्षण मी त्याला बहाल केला होता. बोल म्हटलं. एक वाक्य. सोडून देतो तुला.

"मशीनचंच," दादा म्हणाला, माझ्या डोळ्यांत बघत. "माणसाच्या हातून एवढं सरळ होतं होय?"

मी उठलो. आता सगळं सांगायचं, माझं उसवणंसुद्धा, असं ठरवून मी सगळ्यांच्या मध्ये जायला एक भक्कम पाऊल टाकलं.

आणि माझ्याआधी माझा बूट बोलला. फट्. सोल पुढून सुटला, टाचेपर्यंत गेला आणि लोंबायला लागला. त्याला मी बोटही लावलेलं नव्हतं. शुद्ध मशीनचं काम.

डॉक्टरीणबाई वाकल्या, उघड्या बुटात डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा काढावाच लागेल."

"वाटेत दगा दिला तर," मागून वहिनींचा आवाज आला. त्या अंडं सोलत होत्या. "पुढे काय आहे हो खोक्यावर?"

"अगं, ते जाहिरातीचं..."

"पाठीवर उचलून आणू. मालकाची गॅरंटी. सकाळी दगडावर चढून म्हणालात."

"माझ्याकडे जास्तीच्या चपला आहेत," कुणीतरी भलं माणूस म्हणालं. अशा भल्या माणसांनी जगातले कितीतरी चांगले सूड वाया घालवलेत.

"चपला राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. काय डॉक्टर?"

"मला तर बघायचंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावरच ठरवीन, पुढचे बूट कुठे करायचे ते."

दादाने वहिनींकडे असं पाहिलं की दुसरं कुणी असतं तर विरघळलं असतं. वहिनींनी अंड्याला मीठ लावलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते मशीन आल्यापासून माझी दुपारची झोप गेलीये. नीट बसा. घाई करू नका."

सगळे आवराआवर करत होते, तेवढ्यात मी तळ्याकाठी जाऊन थोडे दगड गोळा केले. गुळगुळीत, सुंदर, चांगले जड. पिशवीत भरले आणि पिशवी पाठीला लावली. आपण अशा जागी रोज रोज येत नाही.

*

दादाच्या पाठीवरून मला पहिल्यांदा ते जंगल दिसलं. काय जंगल आहे! झाडांच्या शेंड्यांना ऊन लागलेलं, कुठल्याशा पक्ष्याची एकच एक लकेर, आणि खाली बरंच खाली दादाचा श्वास.

"तू... एवढा... जड कसा रे?"

"हाडापेराने मजबूत आहे मी. दादा, थांब. तळं बघू दे."

तो थांबला. मी पाहिलं. सावकाश पाहिलं. एक ढग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पाहिलं.

"झालं?"

"अजून लाटा राहिल्यात."

बाकीचे जरा मागे होते. दादा दबक्या आवाजात म्हणाला, "टाके तू उसवलेस ना?"

"हो."

"सांगू सगळ्यांना?"

"सांग. मग परत कुणी घातले तेही सांग."

दादाने मला पाठीवर वर सरकवलं आणि चालत राहिला.

"म्हणून टाक ना दादा, एकच वाक्य आहे. श्वास वाचेल."

"दुकानात बसून बोलू. सोमवारी."

"सोमवारी मी वजन कमी करणार आहे. आजच बरं."

"तू उतर आधी."

"गॅरंटी आहे," मी म्हणालो आणि जरा डावीकडे झुकलो. तो उजवीकडे गेला. मग मी उजवीकडे झुकलो. सूड म्हणजे काहीतरी मोठं, धारदार असतं असं मला वाटायचं. तो असा गाढवावर बसल्यासारखा आरामात घेता येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तो कड्यासमोरचा उतार आला. ओला, उतरता खडक, एका अंगाला झुडपं आणि त्यांच्याखाली थेट ते खालचं तळं. सकाळी सगळे इथून हात टेकत चढले होते. दादाचे दोन्ही हात माझ्या पायांखाली अडकलेले. तो कडेला थांबला.

"इथे उतर. खरंच सांगतोय. घसरलो तर दोघंही जाऊ."

मी खाली पाहिलं. तळं आता बशीएवढं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर माझीही बोबडी वळली होती. पण मी उतरलो नाही.

"बूट कसे आहेत?" मी विचारलं.

"काय?"

"पायातले. सोल हलतोय का?"

त्याने एक पाऊल खडकावर टाकलं. सगळं वजन त्यावर दिलं. त्याचं, माझं, दगडांचं. बूट खडकाला धरून राहिला. दुसरं पाऊल. तोही.

"मशीनचे असते तर इथे पाऊल टाकलं असतंस?"

खडकाच्या मधोमध आमचा चार पायांचा, दोन तोंडांचा पुतळा उभा होता. मागे गिऱ्हाइकं येऊन थांबली होती आणि श्वास रोखून बघत होती. माझ्या मांड्यांखाली त्याचे हात कापायला लागले होते.

"दादा," मी त्याच्या कानात म्हणालो, "तुझे हात थरथरतायत. सांगू का मी लोकांना? बिचारा म्हणून?"

माझ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या गोड आवाजात इतकं वाईट बोललेलो नाही. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. मग सैल पडली.

"काकांचे हात थरथरत नाहीत," तो पुटपुटला.

"डॉक्टरांना ऐकू नाही गेलं."

"काकांचे हात थरथरत नाहीत."

"त्या कड्यालाही ऐकू येऊ दे की. सकाळी किती छान बोलत होता."

मग दादा ओरडला. त्याच्या पाठीतून तो आवाज माझ्या छातीत शिरला. "काकांचे हात थरथरत नाहीत! हे टाके काकांचे आहेत! मी खोटं बोललो!"

"खोटं बोललो," कडा म्हणाला. "बोललो... बोललो..."

कड्याने इतकी प्रामाणिक साक्ष दिल्यावर कुणी शंका घेतली नाही. मागे डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, मला वाटलंच. तरीच मी त्या टाक्यांकडे सारखी बघत होते." वहिनी तर परतताना बसमध्ये पायथ्यापासून घरापर्यंत गाढ झोपल्या होत्या.

खडक संपला, वाट सपाट झाली. दादा थांबला.

"म्हटलं ना आता? उतर."

"पायथा अजून लांब आहे," मी म्हणालो.

*

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गॅरंटीत जिने येतात की नाही यावर आम्ही खाली थोडं बोललो. येतात असं ठरलं, कारण शेजारपाजारचे बघत होते.

बाबांनी दार उघडलं. दारात दादा, घामाने निथळत, पाठीवर मी. बाबांनी आधी आम्हाला पाहिलं नाही. आधी बूट पाहिले.

"उजव्यावर जास्त भार आलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "उतर खाली, घोड्या."

मी उतरलो.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ते कुणाचे बूट आहेत?"

"दादाचा पाय लहानपणापासून बाहेरच्या बाजूला पडतो. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग शिवलेत कशाला?"

"डोंगरावर चालला होता तो. भांडायचं तर तोंडाने भांडावं. बुटाला कशाला मध्ये घ्यायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते या घरात चाललं नसतं. दादा भिंतीला धरून उभा होता. त्याचे पाय वेगवेगळ्या दिशांना जायला बघत होते.

"काका," तो म्हणाला, "सोमवारी खोकी हलवतो मी. खिडकीपाशची. खुर्ची... तुम्ही या."

बाबा आत गेले, चहाचा कप घेऊन आले आणि तो दादापुढे धरला. एका हाताने. कप अगदी काठोकाठ भरलेला होता. मी त्या चहाकडे बघत होतो, दादाही बघत होता. एक थेंब हलला नाही. दादाने तो घ्यायला हात पुढे केला आणि अर्धा चहा फरशीवर सांडला.

"बिचारा," मी म्हणालो.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "बस रे दादा. बूट काढ, उजवा. रापी आण खिळ्या."

दादा खाली बसला, म्हणजे कोसळला. मी रापी आणायला आत जायला वळलो तेव्हा पाठीवरची पिशवी दाराला आपटली. आवाज असा आला की बाबांनीही मान वर केली. मग मी ती टेबलावर रिकामी केली, एकेक करून. गुळगुळीत, सुंदर, चांगले जड.

दादाने दगडांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत दगडांकडे.

"तळ्याची आठवण," मी म्हणालो. "तुला हवा असेल तर एक घे."